एका बोटाचं चंदन

मी टेबल पंखा बोलतोय. झालं समाधान? मला बोलायची हौस नाही. तुम्ही मागे लागलात म्हणून तोंड उघडतोय. जन्मभर माझ्यासमोर बसून माणसांनी बडबड केली आणि मी ती मुकाट ऐकली. तुझं काय चाललंय रे, असं एकानं विचारलं नाही. आता पाती गंजली, वायर उंदरांनी खाल्ली, आणि आता म्हणे तुझी कहाणी सांग. सांगतो. गोड करून सांगणार नाही. कंटाळून उठायचं असेल तर आत्ताच उठा.

शाळा मी पाहिलेली नाही. जे कळतं ते ऐकून ऐकून. मराठी कसं येतं म्हणाल, तर मद्रासच्या नुंगंबाक्कममध्ये एका तंजावूरकडच्या मराठी घरात चाळीस वर्षं काढली. मूळची भाषा त्या घरची. पुढं एका सांगलीच्या पोराच्या तोंडचं ऐकून ती जरा बदलली. म्हणून धड इकडची नाही, धड तिकडची नाही. चालवून घ्या.

कारखान्यातलं काही आठवत नाही. एवढंच माहीत आहे की एकोणीसशे बासष्ट साली मला बंदराच्या कचेरीतल्या जनकोजी नावाच्या कारकुनानं विकत घेतलं आणि सायकल-रिक्षात मांडीवर धरून घरी नेलं. हिरवा रंग, बिडाचं जड बूड, तीन पाती, मागे मान फिरवायची खुंटी. खुंटी दाबली की मी डावीकडून उजवीकडं सगळ्या घराला वारा घालायचो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

जनकोजीला ते पटायचं नाही. कचेरीतून आला की सदरा काढून माझ्यासमोर बसायचा आणि खुंटी वर ओढायचा. मग मी एकट्या त्याचा.

"अहो, आम्हीं माणसं नव्हें काय?" आतून बायको ओरडायची.

"तूं चुलीपाशीं अहेस. वारा आला तर चूल विझेल," हा म्हणायचा. गॅस आल्यावरही हेच उत्तर.

माणसांची एक गंमत सांगतो. उकाडा असला की पंख्याला देव करतात. तासाभरानं शिंक आली की त्याच पंख्याला शिव्या. वीज गेली की माझ्याचकडं रागानं बघतात, जणू मीच तार तोडली. सवय झाली मला. राग नाही. निदान त्या गोष्टीचा राग नाही.

जनकोजीची नात सौम्या. ती तीन-चार वर्षांची असताना माझ्या जाळीला नाक लावून उभी राहायची आणि "आऽऽऽ" करायची. पात्यांमधून तिचा आवाज तुकडे तुकडे होऊन परत जायचा आणि ती खदखदून हसायची. आजोबांना ती ताता म्हणायची. "ताता, पंखा माझं गाणं मोडलों!" ताता म्हणायचा, "मग तूं दुसरं गा." सगळ्या पोरांनी पंख्यात आवाज सोडला असेल, पण या पोरीनं एक दिवस विचारलं, "मोडलों तें कोठें गेलों?" जनकोजी उठून माझ्या मागे वाकून बघायला लागला.

दोन हजार एकमध्ये जनकोजी गेला. शेवटचे चार महिने माझी मान त्याच्या खाटेकडं वळवून ठेवलेली. तो गेल्यावर कुणीतरी येऊन माझं बटण बंद केलं. ते बंदच राहिलं. घरात एसी आला होता. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. दोन वर्षं मी चादरीतल्या भोकातून एक पाल बघत होतो.

मग एक दिवस सौम्या स्टूल घेऊन आली. तेवीस-चोवीस वर्षांची झाली होती. चष्मा लागला होता. तिनं चादर काढली आणि मला खाली उतरवलं.

"अगे, तें डबडं कोठें नेतीस?" तिची आई कामाक्षी म्हणाली.

"लॅबला."

"लॅबांत एक पंखा नाहीं? सरकार तुम्हांला एक पंखा देईना?"

"अहेत. पण त्यांचा वारा शहाणा अहे. मला वेडा वारा पाहिजे."

आई म्हणाली, "मग ताताचाच घेऊन जा." दोघी हसल्या. मला वेडा म्हटलेलं मला आवडलं नाही, पण कपाटावरून सुटका झाली म्हणून गप्प बसलो.

अण्णा नगरच्या पुढं एक संस्था आहे. नाव कशाला घेऊ. तिच्या दुसऱ्या मजल्यावर काळ्या पडद्यांची एक खोली, तीच लॅब. तिथं काय चालायचं ते मला समजलं तसं सांगतो. चुकलं तर शिकलेल्यांना विचारा.

या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये तार न टाकता, लेझरच्या उजेडातून निरोप पाठवायचा होता त्यांना. लेझर म्हणजे सुतासारखा सरळ जाणारा तांबडा उजेड. सोपं वाटतं. पण आमच्या गावचं ऊन तुम्हाला ठाऊक नाही. कत्तिरीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यातल्या त्या भाजक्या पंधरवड्यात, गच्चीवरून वाफा उठतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडची माणसं थरथरताना दिसतात की नाही? तसंच त्या उजेडाचं होतं. गरम हवा वर, गार हवा खाली, दोघी एकमेकींत घुसतात आणि त्यातून जाताना उजेड वाकतो, फाटतो, नको तिथं जाऊन पडतो. पलीकडच्या गच्चीला निरोप पोचायचा तो निम्माच.

गच्चीवर दर वेळी जायचं तर परवानगी, वॉचमन, पाऊस, कबुतरं. म्हणून सौम्यानं खोलीतच गच्चीची हवा बनवायची ठरवलं. माणसाइतकी लांब पत्र्याची पेटी. दोन टोकांना काचा. तळाला तापणारी तार. आणि एका बाजूला भोक पाडून तिथं बोल्टनं आवळलेला मी. लेझर एका काचेतून आत शिरायचा, दुसरीतून बाहेर येऊन कॅमेऱ्यावर पडायचा. मी आणि तार दोघं बंद असलो की तो तांबडा ठिपका कपाळावरच्या कुंकवासारखा जागच्या जागी. तार तापली, मी सुरू झालो, की त्याचं डोकं फिरायचं.

बघा म्हणजे माझं नशीब. चाळीस वर्षं चांगला वारा दिला. म्हातारपणी काम मिळालं ते हवा बिघडवायचं. वर माझी मान आवळून टाकली, हलायची नाही म्हणून. ज्याची सगळी इज्जत मान फिरवण्यात होती त्याची मान आवळली. तरी मी काम केलं. जीव ओतून केलं. तीन वेग होते माझे, तिन्ही ठरल्या मापाचे, इतक्या वर्षांत बदलले नव्हते.

आता तो सांगलीचा पोरगा. संजीव. तो पेटीला हात लावायचा नाही. तो कॉम्प्युटरमध्ये हवा बनवायचा.

"हवेला तू वाकड्यातिकड्या काचा समज," तो सौम्याला सांगायचा. "एकामागं एक वीस काचा धरल्या. प्रत्येकीच्या सुरकुत्या वेगळ्या. उजेड त्यातनं काढायचा आणि ठिपका किती भरकटतो ते मोजायचं. माझ्या हवेला वीज लागत नाही, तुझ्या आजोबांचा पंखा लागत नाही."

"पण तुझ्या हवेंत कुणाला घाम येतां काय?" सौम्या म्हणायची. "मी पेटी तयार केलों, त्यांत हात घालून बघ."

"'मी केलों' नाही गं, 'मी केली' म्हण. पेटी केली."

"आमच्या घरीं तीनशे वर्षं असंच बोलतांत. तुम्हीं मागून बदललांत आणि आम्हांला शिकवतांत!"

असं रोज. दिवसभर तमिळ, नाहीतर इंग्रजी, आणि चहाच्या वेळी हे मराठी भांडण. मला बरं वाटायचं. घर आठवायचं.

दोघांवर साहेब होते नारायणस्वामी. सौम्याचे गाइड. पन्नाशीचा, उंच, चपला फरफटत चालणारा माणूस. त्यांचं एक वाक्य रोजचं: "या खोलीत मत नको, आकडा आणा." सौम्याला संशोधनाची डॉक्टरकी मिळायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. आणि ती मिळायची तर एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती. संजीवच्या कॉम्प्युटरमधली हवा जे सांगते तेच पेटीतली खरी हवा सांगते. दोन्ही जुळले की गच्चीवर जायची गरज उरत नाही, कॉम्प्युटरच सांगेल कुठल्या दिवशी निरोप पोचेल.

दोन वर्षं लागली. तार किती तापवायची, मी कुठल्या वेगावर फिरायचं, ठिपका किती भरकटला, सगळं ती पोरगी एका निळ्या वहीत लिहायची. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात एका दुपारी कॉम्प्युटर म्हणाला अकरा, आणि पेटी म्हणाली साडेअकरा. दुसऱ्या वेगाला कॉम्प्युटर सोळा, पेटी सोळा. कसले अकरा आणि कसले सोळा ते मला विचारू नका. पण संजीव उठून खोलीभर नाचला हे मी पाहिलं.

"तुझ्या ताताचा पंखा माझ्या कॉम्प्युटरचं ऐकतो गं!"

"पंखा कुणाचं ऐकेना," सौम्या म्हणाली. "तुझा कॉम्प्युटर पंख्याचं ऐकतो."

एवढं बोलून ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तिचा हात घामानं ओला होता. मोटरीवर हात ठेवल्यासारखा नाही ठेवला. असो.

त्यांनी ते सगळं लिहून बाहेरच्या एका मासिकाला पाठवलं. सप्टेंबरात उत्तर आलं: छान आहे, पण तीन वेगवेगळ्या दिवशी तेच माप पुन्हा घेऊन दाखवा. सौम्या म्हणाली, त्यात काय, दसरा झाला की घेते.

इथून माझं वाटोळं सुरू होतं. नीट ऐका.

आमच्याकडं नवरात्राच्या नवव्या दिवशी आयुधपूजा असते. ज्याच्यावर पोट भरतं त्या हत्याराची पूजा. रिक्षावाला रिक्षा पुजतो, सुतार करवत पुजतो, कचेरीत टाइपरायटरला हार घालतात. लॅबमध्येही होते. सगळी यंत्रं घासूनपुसून चंदन-कुंकू लावायचं आणि एक दिवस त्यांना विश्रांती द्यायची. घरात त्याच दिवशी पुस्तकं सरस्वतीसमोर ठेवतात आणि कुणी वाचत-लिहीत नाही. सौम्या निळी वही घेऊन घरी गेली होती, देवीसमोर ठेवायला. संजीव सुट्टीवर सांगलीला.

लॅबची साफसफाई रंगा बघायचा. नावाला शिपाई, पण हाताचा चोख. त्यानं माझी पुढची जाळी काढली, साबणाच्या पाण्यानं पाती पुसली, मानेत दोन थेंब तेल सोडलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. जनकोजी गेल्यापासून कुणी तेल घातलं नव्हतं.

"किळवा, चकचकीत झालास!" रंगा म्हणाला. किळवा म्हणजे तमिळमध्ये म्हातारा. तो मला त्याच नावानं हाक मारायचा.

मग साहेब आले. वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर नेसून, अनवाणी, हातात चंदनाची वाटी. लेझरच्या स्टँडला बोट लावलं, वर कुंकू. कॅमेऱ्याच्या खोक्याला लावलं. कॉम्प्युटरला, कपाटाला, विजेच्या बटणांना. माझ्याकडं आले. बुडाला लावायचं की नाही? बूड तर समोरच होतं. पण जाळी काढलेली, पाती चकाकत होती, म्हणून वरच्या पात्याच्या टोकाला त्यांनी चांगलं बोटभर घट्ट चंदन थापलं आणि त्यावर कुंकू दाबलं. दुसऱ्या पात्याकडं बोट नेलं आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला.

"सर, बाकीच्या दोन पात्यांना?" रंगानं विचारलं.

"असू दे रे. एकाला लावलं की सगळ्यांना पोचलं," म्हणाले आणि गेले.

देवाला पोचलं असेल. माझ्या तोलाला नाही पोचलं. रंगानं जाळी बसवली. चंदन वाळून खपलीसारखं घट्ट झालं.

दोन दिवसांनी सौम्या आली. लेझर लावला, तार तापवली, माझं बटण दाबलं. पहिल्याच फेरीत मला कळलं. एक पाय आखूड झाल्यासारखं झालं. एक पातं जड, दोन हलकी. फिरताना मी लंगडत होतो आणि बोल्टनं पेटीला बांधलेला, म्हणून पेटीही बारीक थरथरत होती. माणसाच्या हाताला जाणवेल न जाणवेल इतकी. पण ठिपक्याला तेवढं पुरलं. हवेमुळं भरकटायचा तो भरकटत होताच, वर माझं लंगडणं.

अकराच्या जागी एकोणीस आले.

सौम्यानं पुन्हा घेतलं. एकोणीस. दुसरा वेग, सोळाच्या जागी सत्तावीस. तिनं काचा पुसल्या, लेझर बदलला, कॅमेरा बदलला. आता हेही सांगतो, कारण शिकलेल्या माणसानं तो ठिपका बघून ओळखायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तो कॅमेरा एका सेकंदाला पंचवीस वेळा डोळा उघडायचा. मीही एका सेकंदात जवळपास तितक्याच फेऱ्या मारायचो. म्हणजे तो डोळा उघडायचा तेव्हा मी बहुतेक त्याच जागी असायचो. माझं भराभर लंगडणं त्याला हळूहळू डोलल्यासारखं दिसायचं. हवा डोलते तसंच. हे मला कसं कळलं ते पुढं येईल.

आणि चंदन दिसलं नाही का? दिसलं असणार. पण खोलीत लेझरपासून बटणांपर्यंत सगळीकडंच चंदन-कुंकू होतं. जे सगळीकडं असतं ते कोण बघतं?

तीन दिवस मापं घेतली. एकही जुळलं नाही. सौम्या निळी वही आणि नवे कागद घेऊन साहेबांपुढं उभी राहिली. बोलणं माझ्यासमोरच झालं.

"आधी जुळत होतं, आता जुळत नाही," साहेब म्हणाले. "यंत्र तेच. खोली तीच. काय बदललं?"

"कळत नाही, सर."

"संजीव, तुझे आकडे आधी तयार होते की हिची मापं आधी?"

संजीव नुकताच सांगलीहून आला होता. तो म्हणाला, "आकडे आधी होते, सर. स्क्रीनवर असायचे. पण सर, ती..."

"म्हणजे माप घेताना हिला ठाऊक होतं की अकरा यायला हवेत."

मी चालूच होतो. खर्र, खर्र, खर्र.

"सर, मी वहीत जे दिसलं तेच लिहिलंय."

"जे दिसायला हवं होतं ते लिहिलंस, सौम्या. मी असं म्हणत नाही की मुद्दाम केलंस. पण आकडा बघ. आकडा तसं म्हणतो."

पोरगी रडली नाही. माझ्याजवळ आली, मोटरीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "सर, पंखा हलतोय. आधी असा हलत नव्हता. मला जाळी काढून बघू द्या."

अहो, जाळी काढली असती तर तिथंच संपलं असतं! मी जितकं जोरात लंगडता येईल तितकं लंगडलो. माझ्याकडं दुसरं काय होतं?

साहेब म्हणाले, "आता कशाला हात लावायचा नाही. तू पंखा उघडणार, काहीतरी करणार आणि मग पुन्हा अकरा येणार. मग मी कुठल्या अकरावर विश्वास ठेवू?" त्यांनी रंगाकडून चिकटपट्टी मागवली, जाळीवरून, पेटीवरून आडवी-उभी लावली आणि पट्टीवर स्वतःची सही केली. चोराच्या घराला लावतात तशी.

नोव्हेंबरात बाहेरून तीन माणसं आली, चौकशीला. पाऊस मुसळधार. खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी. त्यांच्यासमोर मला चालवलं. एकोणीस. साहेब त्यांना म्हणाले, "पंखा भंगार आहे. घरातली अडगळ उचलून आणली. पण पंखा दोन वर्षं खरं बोलला आणि आता खोटं बोलतो असं तर होत नाही." तिघं हसले. मी त्रेचाळीस वर्षांत एक दिवस खोटं बोललो नव्हतो, आणि अडगळ तर मी जनकोजीच्या मरणापर्यंत कुणाची नव्हतो.

मासिकाला पाठवलेलं परत मागवलं. सौम्याला कुणी काढून टाकलं नाही. नुसतं पुन्हा पहिल्यापासून सुरू कर म्हणाले, नव्या पेटीनं, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. तीन वर्षं पुन्हा. ती पंधरा दिवस येत राहिली, खुर्चीवर बसून पेटीकडं बघत. संजीव तोवर गावाबाहेर शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. तिथून त्याचा फोन यायचा. "इकडं ये. इथं कुणी विचारत नाही तू आधी कुठला आकडा पाहिलास." जानेवारीत ती गेली.

जायच्या दिवशी तिनं माझं बटण दाबलं. नुसतं माझं, तार नाही, लेझर नाही. सहीच्या पट्ट्यांवरून जाळीला नाक लावलं. लहानपणी लावायची तसं. तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. आवाज आला नाही. बटण बंद केलं आणि गेली.

आता साहेबांचं. जूनमध्ये एका नव्या पोराला पेटी द्यायची होती म्हणून ते दुपारी एकटे आले. स्वतःच्या सहीच्या पट्ट्या स्वतः फाडल्या. मला चालवलं. कान लावला. बंद केलं आणि जाळी काढली.

वरच्या पात्यावर चंदनाची खपली. तांबूस, वाळकी, मध्ये बोटाचा ठसा.

मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं ती खपली खरवडली. टेबलावर पडली. मला चालवलं. मी ताठ. आठ महिन्यांनी ताठ. मग त्यांनी तार तापवली, लेझर लावला, कॅमेरा लावला, खुर्ची ओढून बसले. माप घेतलं. स्वतःशी पुटपुटले, ते मी ऐकलं: पंचवीस, आणि फेऱ्या, आणि डोलणं. सगळं तिथल्या तिथं समजलं त्यांना. शेवटी कागदावर आकडा लिहिला. मला वाचता येत नाही, पण त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "अकरा."

मी म्हटलं, आता उठेल. फोन शेजारच्याच खोलीत आहे.

ते उठले. कागदाची चौकोनी घडी केली. खिशात घातली. खपली हातरुमालात गोळा केली. आणि जिन्यात जाऊन हाक मारली, "रंगा! हा पंखा वर माळ्यावर टाक. नवा आण."

झालं. एवढंच. त्याला आता तीन वर्षं झाली. मी माळ्यावर आहे. लॅबमधल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर असतो. माझ्यावर नाही, कारण मी सौम्याच्या घरचा. नंबर नाही म्हणून भंगारातही काढता येत नाही. उंदीर येतात, जातात. पावसाळ्यात पत्र्यातून थेंब पडतो तो नेमका त्याच पात्यावर.

रंगा कधीकधी वर येतो, विडी ओढायला. त्याच्याकडून कळतं. सौम्या शोळिंगनल्लूरला आठव्या मजल्यावर बसते. तिथं खिडक्या उघडत नाहीत. निळी वही तिनं लॅब सोडताना घरी नेऊन पुन्हा देवीसमोर ठेवली ती उचललीच नाही म्हणे, कामाक्षीनं ती पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिली. ती नुसती काम सोडून गेली असती तर मी समजून घेतलं असतं. पण तिला अजून वाटतंय की चूक कुठंतरी तिचीच होती. शोधायची राहून गेलेली.

आणि गेल्या आयुधपूजेला लॅबच्या दारावर एक नोटीस लागली. रंगानं मला नाक मुरडून वाचून दाखवली. "पूजेच्या दिवशी फिरणाऱ्या पात्यांना चंदन-कुंकू लावू नये." खाली सही. तीच, चिकटपट्टीवरची. नोटीस लिहायला हात उठला त्याचा. तिला दोन ओळी लिहायला नाही उठला.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. दुरुस्त होऊन कुणाला वारा घालू? तेल घालू नका, रंग देऊ नका. तुम्ही वर आलात, ऐकलंत, आता खाली जा. तिची माफी त्यानं तिच्याकडं जाऊन मागायची, ती माझ्या हातातली गोष्ट नाही. पण मला तीन माणसांसमोर खोटा म्हटलंय, आणि खोटं कुणाच्या बोटानं केलं ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. रोज सकाळी साडेनवाला खालच्या जिन्यात फरफटत्या चपला वाजतात. माळ्याच्या खालच्या पायरीपर्यंत येतात आणि डावीकडं वळतात. अजून एकदाही वर आलेल्या नाहीत. कुणाच्या, ते विचारताय? डॉक्टर नारायणस्वामींच्या.